नणंदबाईंची कंबर आणि माझी पात

वाशिम जिल्ह्यात दुखऱ्या कंबरा काही कमी नाहीत, पण आमच्या थोरल्या नणंदबाईंच्या कंबरेइतकी मानानं वागवलेली कंबर शोधून सापडायची नाही. गेली वीसेक वर्षं ही कंबर त्यांच्या घरात दुखते आहे आणि त्या तिच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलतात. "आज ते उठलीच नाई अजून," असं त्या ओट्यावरून सांगतात, तेव्हा नवख्या माणसाला वाटतं सूनबाई आजारी आहेत. शिरपूर जैनच्या अलीकडं त्यांचं खेडं. तिथून जीपनं निघायचं तर पुढची अख्खी सीट त्यांना लागते. जीपवाला कुरकुरला की म्हणतात, "दोन सवाऱ्या हाये ना रे बाबू! मी अन् माही कंबर." आभाळ भरून आलं की गावातले लोक मोबाइलमध्ये हवामान बघतात आणि मग खात्री करून घ्यायला यांच्या दारावरून जातात.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा माझी स्वतःची पाठ सरळ होती आणि मान त्याहून ताठ. डी.एड.चं पहिलं वर्ष चालू, त्यामुळं जगातलं सगळं शिकून संपत आलंय असा माझा समज. सासूबाईंनी निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला पाठवलं, तर मी मनगटावर घड्याळ बांधून गेले. आमच्याकडं निंदणाला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीनं पिकाच्या ओळीचं एकेक तास धरायचं, त्याला पात म्हणतात. सगळ्या बरोबर सरकतात, एकटी कोणी पात धरत नाही आणि एखादी मागं राहिली तर पुढं गेलेली उलटी येऊन तिची उरलेली पात काढते. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची आणि मधल्या वेळात गवत ठेवून पीक उपटायची. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर सासूबाई उभ्या राहिल्या की समोरून नणंदबाई सरकत यायच्या, कारण त्यांचं सासर गावातच आणि शेत बांधाला बांध लागून. "राहू दे वं मास्तरीण. तुही पात मी काढतो," म्हणायच्या. आणि या शहाणीला काय वाटावं? की शिकलेल्या बाईचा मान ठेवताहेत! परीक्षा जवळ आल्यावर तर मी शेतात जाणंच सोडलं आणि माझी पात कोण काढतं हे विचारायचंही मला सुचलं नाही. पास झाले तेव्हा पेढे मात्र मी माझ्याच हुशारीचे वाटले.

डॉक्टरांच्या बाबतीत नणंदबाईंचा एक नेम होता. दुखतं कुठं ते सांगायचं नाही. "एवढा शिकला हाये, तं शोधू दे की!" या परीक्षेत रिसोडचे दोन आणि वाशिमचे तीन डॉक्टर नापास झाले. सहाव्या खेपेला वाशिमच्या एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडं नेलं. मॅडम म्हणजे आमच्या नातीच्या वयाची मुलगी. तिनं काही न विचारता पालथं झोपवलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी आंगठे सरकवत आणले आणि एका जागी थांबली. बाहेर बाकड्यावर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी आरोळी ऐकली : "सापडली माय!" त्या दिवसापासून ती मुलगी नणंदबाईंसाठी धन्वंतरी झाली. त्यांनी तिला मनातली गोष्टही सांगितली, जी आम्हालासुद्धा सांगितली नव्हती. चार वर्षांपासून त्या गावच्या बुद्ध विहारात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वंदना घेत होत्या. एके काळी पहिल्या रांगेत बसून सगळ्या बायांना वंदना सांगणारी बाई, आणि आता भिंतीशी खुर्चीवर, चपलांच्या शेजारी. "या पोर्णिमेले मले खाली बसून, कपाळ टेकून पंचांग प्रणाम कराचा हाये. तीनदा. अन् कोनं धरल्याबिगर उठाचं हाये." वैशाख पौर्णिमेला तेव्हा चार महिने होते.

पण मॅडमनं तासाभरात जे सुधारायचं, ते परतीच्या रस्त्यावर एसटी बिघडवायची. तिसऱ्या फेरीला त्यांना स्टँडवर दोघांनी धरून उतरवावं लागलं. मॅडम म्हणाली, "आजी, येण्याजाण्यातच तुमचं दुखणं वाढतंय. आता व्हिडिओ कॉलवर करू. शेवटी व्यायाम तुम्हालाच करायचा आहे, मी फक्त बघणार."

"फोनले आंगठे हायेत काय?" नणंदबाईंनी विचारलं. मॅडमनं हसून कॉलची वेळ लिहून दिली.

पहिल्या कॉलला नणंदबाई पौर्णिमेला नेसायचं पांढरं लुगडं नेसून बसल्या, मॅडमसाठी चहाचा कप फोनसमोर ठेवला आणि मॅडम 'दाखवा आजी' म्हणाल्याबरोबर फोन उचलून पाठीमागं नेऊन बरोब्बर दुखऱ्या जागेवर दाबून धरला.

"दिसून राह्यलं काय?"

"आजी, सगळा अंधार दिसतोय!"

"मंग बराबर हाये. तितंच दुखते."

नोकरीसाठी गेलेली मी रिटायर झाल्यावरही रिसोडलाच राहते; दोन दिवसांनी तिथं मला निरोप आला, की चटई घेऊन राहायला ये. का, तर एकटीनं व्यायाम करणं त्यांना मंजूर नव्हतं. "एकटीनं पात धरते काय कोनी?" मी मनात हसले. तीस वर्षं शाळेत कवायत घेतलेली बाई मी, मला काय अवघड! कवायत घेतलेली म्हणजे शिट्टी मी वाजवली आणि वाकली पोरं, हा तपशील मी तेव्हा विसरले होते. पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची, दहा वेळा. आठव्या वेळी माझ्या कमरेनं असा काही आवाज केला की फोनमधून मॅडमनं विचारलं, "काय पडलं?" मी आडवी ती आडवीच. तेवढ्यात शेजारच्या चटईवरून आवाज आला, "राहू दे वं मास्तरीण, तुह्या दोन मी काढतो." आणि आपल्या दहा झाल्यावर बाईंनी आणखी दोनदा कंबर उचलली.

"आजी, दुसऱ्याचा व्यायाम आपण करून चालत नाही हो!" मॅडम कळवळली.

"काहून नाई? निंदनात चालते ना?"

महिन्याभरात गल्लीतल्या आणखी चौघी चटया घेऊन आल्या. फोन तुरीच्या डब्याला टेकलेला, समोर सहा म्हाताऱ्यांची ओळ, आणि नणंदबाई मधोमध, कोण मागं राहतंय यावर नजर ठेवून. कोणाच्या तीन उरायच्या, कोणाच्या पाच. बाई सगळ्यांच्या काढायच्या. एका सकाळी हिशेब पंचवीसवर गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुशीवरसुद्धा वळता येईना. पौर्णिमा तीन आठवड्यांवर. दुपारी फक्त एवढंच म्हणाल्या, "खुर्ची पुसून ठेवाले सांग." त्यांच्या कमरेवर मी आयुष्यभर हसत आले, त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

मी मॅडमला फोन केला. संध्याकाळी ती स्कूटीवर धूळ खात गावात आली. आंगठे सरकवले, जागा सापडली, पाठ शेकली. "घाबरू नका, मोडलेलं काही नाही," म्हणाली. "पडून राहू नका, हळूहळू चालत राहा. पण आजपासून ज्याच्या त्याच्या दहा ज्यानं त्यानं करायच्या. नाहीतर पौर्णिमेला खुर्चीच." नणंदबाईंनी बराच वेळ घासाघीस केली. बाजारात वांगी घेताना करतात तशी. शेवटी तोडगा निघाला तो असा की बरं वाटल्यावर फक्त दोन जास्तीच्या काढायच्या, आणि त्याही फक्त एकीच्या. कोणाच्या, ते त्यांनी ठरवायचं. मॅडम गेल्यावर चौघी जणी आशेनं बघत होत्या. त्यांनी कोणाकडं न बघता माझी चटई आपल्या चटईला लावून घेतली.

वैशाख पौर्णिमेला त्या चालत विहारात गेल्या आणि लाल खुर्चीला बोटही न लावता पुढच्या सतरंजीवर बसल्या. मी शेजारी. पहिला प्रणाम झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला कपाळ टेकलं आणि बाई वर येईनात. मी घाबरून हात पुढं केला, तर खालून आवाज आला, "थांब वं. चार वर्षांनी आलो, राहू दे घडीभर." मग गुडघ्यांवर हात ठेवून, कोणाला न धरता, त्या सावकाश उभ्या राहिल्या. धरून उठवावं लागलं ते मला. त्यांनीच उठवलं.

आता मी रिसोडला परत आले आहे. रोज सकाळी सातला फोन वाजतो. मी तो तांब्याला टेकवून ठेवते आणि चटई टाकते. मॅडमला आता महिन्यातून एकदाच भेटायचं असतं, एरवी फोनवर आम्ही दोघीच. दोन गावांत दोन चटया, तरी नणंदबाईंच्या लेखी ती एकच ओळ. फोनमधून दुसऱ्याची पात काढता येत नाही, हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. खरं सांगायचं तर मला आता दहा सहज होतात. जोर लावला तर बाराही होतील. पण मी आठवर थांबते आणि खोटं खोटं कण्हते. पलीकडं चटई सरकल्याचा आवाज येतो आणि मी डोळे मिटून वाट बघते.

"राहू दे वं मास्तरीण. तुह्या दोन मी काढतो."