बलभीम सरांची मोजणी

बेंबळीच्या एका शाळेत बलभीम सर बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि बावीस वर्षांत त्यांचं एकही समीकरण चुकलं नव्हतं. चुकणार कसं? तपासणारेही तेच!

रीत सोपी होती. बाणाच्या डावीकडं अणू मोजायचे, उजवीकडं मोजायचे आणि कमी पडला की रेणूच्या पायाशी बारका आकडा चिकटवायचा. "मोजणी जुळली की गंगेत घोडं न्हालं!" असं म्हणून सर हात झटकत.

यंदा सरांना आदर्श शिक्षक पुरस्कार हवा होता. शालीवाचून त्यांना घास उतरत नव्हता म्हणा ना! त्यासाठी विस्तार अधिकारी पाठ बघायला आले. साहेब मूळचे इतिहासाचे, म्हणजे सरांना रान मोकळंच.

सरांनी फळ्यावर पाणी करायला घेतलं: H₂ + O₂ → H₂O. उजवीकडं ऑक्सिजन एकानं कमी. सरांनी ऐटीत O च्या पायाशी दोन लिहिला. "मोजा रे! इकडं दोन-दोन, तिकडं दोन-दोन. झालं संतुलित!" साहेबांनी मान डोलावली.

तेवढ्यात दहावीतली गौरी उठली. "सर, हे पाणी न्हाय राहिलं."

"मोजून बघ की!"

"मोजलं. पण हे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. माझे पप्पा दवाखान्यात यानंच जखमा धुत्यात. हे कुणी पितं व्हय?" तिनं फळ्यावर लिहिलं: 2H₂ + O₂ → 2H₂O. "रेणू बदलायचा नसतो सर. तो किती घ्यायचा, तेवढंच बदलायचं."

साहेब गोंधळले. "सर, बरोबर कुणाचं?"

सरांना कळलं होतं हो, लख्ख कळलं होतं! पण खरं बोलावं तर शाल गेली.

"माझंच, साहेब. पोरगी हुशार हाय, पण लई आगाऊ. बस गं खाली!"

साहेबांनी 'पाठ उत्कृष्ट' असा शेरा मारला. महिन्याभरात धाराशिवला शाल मिळाली, फोटो छापून आला.

दुसऱ्या दिवशी सर संयोग अभिक्रिया शिकवायला उभे राहिले. या खेपेला घरून तीनदा पडताळून आणलं होतं: 2Mg + O₂ → 2MgO. अगदी बिनचूक.

"घ्या लिहून."

चाळीस पोरांपैकी एकानंही पेन उचललं नाही. सगळ्यांच्या माना गौरीकडं वळल्या. तिनं फळा वाचला, मान डोलावली, आणि मग वर्ग लिहायला लागला.