पायाळूची उसण

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. केळीचे घड उचलून बहादरपुरात कुणाचीही पाठ धरली, की तो माणूस वाकत वाकत आमच्या ओट्यावर यायचा आणि पालथा पडायचा.

धाकटी जाऊ तर हक्काची. शेताची वाटणी झाली तसं दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, पण उसण भरली की ती यायचीच. मी पाय लावला की म्हणायची, "जिजी, हळू! वाटणीचा राग पाठीवर काढता का?"

"राग काढायचा असता तर उठली नसतीस," मी म्हणायची. मग चहा. तेवढ्यात इकडची खबर तिकडे, तिकडची इकडे.

आता जादूच्या पुड्या निघाल्या. बुऱ्हाणपुरात पानटपऱ्यांवर गुटख्याशेजारी माळाच लटकतात. एक फाडली की पाणी तापतं, दुसरी फाडली की केळी रातोरात पिवळी. रिकाम्या पुड्या राजघाटावर नदीच्या पाण्यात पडतात, त्यांत थोडी जादू उरलेली असते, म्हणून हल्ली मासे पाण्याच्या वीतभर वर हवेतच पोहतात. दमलेले दिसतात बिचारे. कुणी वळून बघतसुद्धा नाही.

मग उसणीचीही पुडी निघाली आणि ओटा रिकामा झाला. लोकांचं काही नाही हो, माझेही गुडघे थकलेत. पण जाऊ येईना. आता कुठल्या निमित्तानं येणार ती?

परवा कळशी उचलताना माझीच पाठ धरली. स्वतःचा पाय काही स्वतःच्या पाठीला लागत नाही. जन्मभर मी माझ्या उसणी अंगावरच काढल्या. सुनेनं भिंतीपलीकडे हाक मारली असावी. जाऊ आली, हातात पुडी.

"पडा पालथ्या, जिजी. बहोत दिवस तुम्ही मला पाडलं."

तिनं पुडी फाडून पाठीवर टाकली आणि पाठ लगेच मोकळी झाली. म्हणजे लोक काही उगाच टपरीवर जात नव्हते. मला रडूच आलं. सुखानं की कशानं, ते विचारू नका.

काम झालं तशी जाऊ निघायला पायरीकडे बघत होती. मी तशीच पालथी पडून राहिले.

"गेली का हो उसण?"

"नाही गं, अजून आहे थोडी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुड्याही हल्ली खोट्याच निघतात," आणि चहा ठेवायला आत गेली.