वायर पूजेत होती तेव्हा

आधीच सांगते, असल्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. तेव्हा हसायचं त्यांनी खुशाल हसा... पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

मी हुबळीची, देशपांडे नगरातली. धारवाडला फिजिक्समध्ये पीएचडी करते. काम सेमीकंडक्टरच्या नॅनो-कणांवर. लेसर पाडला की त्यांतले इलेक्ट्रॉन वर उडी मारतात, परत येताना प्रकाश देतात. चुंबक लावला की त्या प्रकाशाचे डावे-उजवे पीळ कमीजास्त होतात, ग्राफवर एका रेषेच्या दोन होतात. चुंबक बंद केला की परत एक. एवढंच लक्षात ठेवा.

हे मला शिकवलं अण्णांनी, म्हणजे माझ्या गाइडनी. खंडेनवमीला ते स्वतः दुर्गदबैलच्या बाजारातून झेंडू आणायचे, मोठ्या चुंबकाची विजेची वायर काढून पाटावर ठेवायचे, कुंकू लावायचे. "वर्षभर राबतंय बिचारं, आज त्याला सुट्टी," म्हणायचे. पहिला पेढा चुंबकापुढे, दुसरा मला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांनी केलेल्या कणांची एकच कुपी उरली होती, आणि तसे कण आम्हाला कुणालाच जमत नव्हते. तिचं चुंबक लावून मोजमाप राहिलं होतं, आणि चुंबक नेमका दुरुस्तीत. इकडे कुपीचा उजेड रोज मंदावत होता, माझा जीव नुसता टांगणीला. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी चुंबक दुरुस्त झाला, आणि सकाळी मी पोचेपर्यंत लॅबमधल्या माझ्या बरोबरच्या शिवूनं वायर पूजेला मांडलीसुद्धा. आता ती उचलायचं धाडस कोण करणार?

निदान उजेड उरलाय का बघू, म्हणून मी फक्त लेसर लावला... आणि स्क्रीनवर दोन रेषा. चांगल्या एकमेकींपासून लांब.

"अक्का, चुंबक लावलात काय री?"

"नाही रे."

"नोड्री, बघा की, वायर तर इथं पाटावर आहे."

चुंबकाचा जोर मोजायचा मीटर धरला — शून्य. उदबत्ती जळेपर्यंत त्या रेषा तशाच होत्या, मग हळूहळू एक झाल्या. भीती नाही वाटली मला. अण्णा मागे उभे राहून बघतायत असं वाटलं, आणि रडू आलं.

दसऱ्याला चुंबक पूर्ण चालवला. कुपी विझलेली होती.

अण्णांच्या शेवटच्या कणांचं तेवढं एकच मोजमाप माझ्याकडे आहे, आणि ते थीसिसमध्ये घालता येत नाही. चुंबक किती, तर शून्य... कोण मानेल? एक सर म्हणाले, डिटेक्टर बिघडला असेल. असेलही. पण तोच डिटेक्टर आजही नीट चालतोय, आणि मला दुसरं कारण सापडलेलं नाही.

यंदा झेंडू मी आणले. पहिला पेढा चुंबकापुढे ठेवला. दुसरा मात्र माझ्यानं खाववला नाही.