बिनबशीचा चहा

सिविक सेंटरच्या सभागृहात पोलादावरचं चर्चासत्र होतं. मी प्रयोगशाळेत नवाच लागलो होतो. बाहेरून आलेल्या एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाने आपल्याला हाताखाली घ्यावं एवढीच आस होती, पण जवळ गेलं की शब्द फुटत नसे.

चहाच्या सुट्टीत एक सडपातळ पोरगा दिसला. टाय उसना असावा, बेंबीच्या बराच वर संपला होता. दोन्ही हातांत कप घेऊन तो थेट सर्वांत मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. "सर, आपकी चाय." साहेबांनी कप घेतला आणि तो रिकामा होईपर्यंत भट्टीतल्या धातुमळीवरचं त्याचं सगळं काम ऐकलं.

तो परतला तेव्हा मी विचारलं, "भाऊ, बशी कावून नाही दिली?"

"बशीत ओतला का चहा झटक्यात संपते अन् सायेब सटकते," तो गंभीरपणे म्हणाला. "कपातला फुंकून फुंकून प्या लागते. तेवढ्यात आपलं सांगून होते."

नाव विचारेपर्यंत तो पुढच्या साहेबांसाठी चहा आणायला गेलाही.

आता मीच साहेब झालोय. परवा अशाच एका सत्रात एक नवी पोरगी दोन कप घेऊन माझ्याकडे आली. बशी नव्हती. ती बोलत होती आणि चहा केव्हाच निवला होता. तरी मी फुंकत राहिलो.