मांडीवरचे प्रवासी

घरात लहान मूल असलं की दोन गोष्टी साचतात, धुणं आणि किस्से. धुण्याला निदान मशीन आहे. किश्श्यांसाठी ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या बागेत एक बाक आहे. संध्याकाळी तिथे आम्ही चौघं जमतो. मी, कुंदा सावंत, फिलोमिना आणि कर्णिककाका. चौघांचीही मुलं बंगळुरू-हैदराबादच्या कंपन्यांत, आणि नातवंडं कधी तिकडे, कधी इकडे. पाळणाघरात पोर सारखं आजारी पडलं की इकडे, सांभाळायला चांगली बाई मिळाली की पुन्हा तिकडे. ने-आण करायचं खातं आमच्याकडे. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळी सीट नसते, ते आपल्या मांडीवर. त्यामुळे पायाला मुंग्या आल्या तरी न हलता बसण्यात ही मंडळी पटाईत झाली आहेत.

मी मात्र कोरी होते. माझी नात सई दहा महिन्यांची असताना तिची आई, म्हणजे माझी लेक अनुजा, स्वतः तिला घेऊन आली आणि आमच्याकडे ठेवून गेली. आता सई पावणेदोन वर्षांची झाली, अनुजाला घरून काम करायची परवानगी मिळाली, आणि सईला पोचवायचं काम माझ्या अंगावर पडलं. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे मी एकटीच.

खरं सांगते, विमानाची भीती नव्हती. भीती वेगळीच होती. सईला माहीत होती ती फोनमधली आई. रोज जेवताना मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचे. पलीकडून अनुजा आपल्या ताटातला घास उचलून म्हणायची, "हा घास चिऊचा." सई आ करायची, आणि इकडून मी भरवायचे. शब्द आईचे, हात माझा. दिवाळीनंतर अनुजाला यायला जमलंच नव्हतं. आता फोनच्या बाहेरची आई समोर उभी राहिली आणि पोरीने ओळखलंच नाही तर? अनुजाचं काय होईल, या विचाराने माझी झोप उडाली होती.

हे मी बाकावर बोलून दाखवलं. तिघांनी लगेच मला धीर द्यायला सुरुवात केली. धीर देणं म्हणजे आपल्यावर काय ओढवलं होतं ते रंगवून सांगणं, अशी यांची समजूत आहे.

*

कुंदा माहेरची ठाण्यातल्या टेंभी नाक्याची, दहीहंडीच्या गर्दीत वाढलेली. गर्दी दिसली की हिने पुढे व्हायलाच पाहिजे. ती नातवाला, विहानला, घेऊन हैदराबादला निघालेली. विमान उडालं आणि विहानने जो भोंगा लावला तो थांबेचना.

"दूध झालं, डायपर कोरडा, कान चोळून झाले," कुंदा म्हणाली. "मग राहिलं काय? दृष्ट! एअरपोर्टवर एक बाई त्याला क्यूट क्यूट करत होती, तेव्हाच मला डाऊट आलेला."

पण मीठ-मोहरी आणायची कुठून? कुंदाने बेल दाबून एअर होस्टेसकडे मीठ मागितलं. जेवणाबरोबर देतात त्या मिठाच्या आणि मिरपुडीच्या पुड्या तिने आणून दिल्या. मोहरीऐवजी मिरपूड चालवून घेतली. मूठ वळून कुंदाने विहानवरून उतरवायला सुरुवात केली. दृष्ट काढताना बोलायचं नसतं. त्यामुळे होस्टेसने विचारलं, "मॅम, एनीथिंग एल्स?" तर कुंदाने नुसते डोळे वटारले. ती बिचारी दोन पावलं मागे सरकली.

आता उतरवलेलं मीठ चुलीत टाकायचं. विमानात चूल नसते हे कुंदाला मान्य होतं. ती उठली, टॉयलेटमध्ये गेली, मीठ टाकलं आणि फ्लश केलं. परत आली तर विहान गाढ झोपलेला.

"अगं, रडून दमला असेल," मी म्हटलं.

"दमायचं असतं तर आधीच दमला असता."

मागच्या सीटवर एक मारवाडी सून होती. तिचंही बाळ किरकिरत होतं. तिने हळूच विचारलं, "आंटी, इसका भी कर दोगे?" मग पुढच्या रांगेतून एक जुळं आलं. पुड्या संपल्या, नव्या मागवल्या. शेवटी ती होस्टेस खाली वाकली आणि चक्क मराठीत कुजबुजली, "काकू, मी कल्याणची आहे. माझीपण काढा ना. या आठवड्यात माझी एक फ्लाइट टायमावर सुटली नाहीये."

*

कर्णिककाकांचं दुखणं वेगळं. एकटा म्हातारा पुरुष, कडेवर लहान मूल, म्हणजे सिक्युरिटीवाले दोनदा बघणारच. त्यात चुकीचं काही नाही. एका अधिकाऱ्याने काकांच्या नातवाला, अर्णवला, प्रेमाने विचारलं, "बेटा, ये कौन हैं आपके?"

आता कर्णिकांच्या घरी कर्णिककाकू दिवसभर हाका मारत असतात. अहो, चहा. अहो, टॉवेल उचला. अहो, तुमचा नातू बघा काय करतोय. अर्णवने ऐकलं ते उचललं. गोड वाटतं म्हणून कुणी सुधारलंही नाही.

अर्णव मोठ्याने म्हणाला, "अहो."

"कौन?"

"अहो!"

अधिकाऱ्याने काकांच्या तिकिटाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "आपका नाम अहो है?"

काका म्हणजे जन्मात खोटं न बोललेला माणूस. म्हणाले, "घर में तो यही है."

प्रकरण वाढणार, तेवढ्यात मागे उभी असलेली मराठी कॉन्स्टेबल तोंडावर रुमाल धरून पुढे आली. "जाने दो सर. सख्खे आजोबा आहेत. आजीच्या तोंडून ऐकल्याशिवाय एवढंसं पोर कोणाला अहो म्हणत नाही."

*

फिलोमिना मूळची कोलशेतची. खाडीकाठचं माणूस, मासळीशिवाय घास उतरत नाही. तिची सून बंगळुरूला, तिला पुन्हा दिवस गेलेले, आणि डोहाळे लागले सुक्या बोंबलांचे. फिलोमिनाने पिशवीवर पिशवी, त्यावर आणखी पिशवी असं बांधून बोंबील हातातल्या बॅगेत घेतले. मांडीवर नातू जोशुआ.

"आभाळात गेल्यावर काय झालं देव जाणे," ती म्हणाली. "पिशव्या फुगल्या बहुतेक. वास असा सुटला, मला घरी बसल्यासारखं वाटलं. बाकीच्यांना नाय वाटलं."

शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला आणि जोशुआकडे बघितलं. पुढच्या माणसाने मान वळवली आणि जोशुआकडे बघितलं. फिलोमिनाला क्षणात सगळं उमजलं. ती उठली, जोशुआला घेऊन टॉयलेटमध्ये गेली, जरा वेळ थांबली आणि स्वच्छ पोराला पुन्हा बाहेर घेऊन आली. वास तिथेच. पुन्हा नजरा. पुन्हा उठली. होस्टेसने काळजीने विचारलं, "बेबी का पेट खराब है?" फिलोमिना म्हणाली, "हां ना, सुबह से." जोशुआ आपला हसतोय.

"एवढंसं पोर, पण आजीची इज्जत राखली त्याने," फिलोमिना म्हणाली. "मी मनातल्या मनात येशूची माफी मागितली आणि पोराचीपण."

विमान उतरलं. सगळे बॅगा काढायला उभे राहिले. मागच्या सीटवरचे एक टक्कलवाले गृहस्थ अख्खा प्रवास गप्प होते. ते जवळ सरकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "बोंबील उत्तनचे की अर्नाळ्याचे?"

*

काकांचा आणखी एक छोटा किस्सा आहे. विमान वर जाताना मुलाचे कान दुखतात, तेव्हा तोंड चालू ठेवायचं, असं त्यांना सुनेने बजावलं होतं. काकांनी विमानाचं दार बंद होताच सुरुवात केली. दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू. विमान मात्र रांगेत उभं. ते उडालं तेव्हा डबा रिकामा आणि अर्णवचा सूर वर. गाणं म्हणावं तर काकांना येतात फक्त आरत्या. त्यांनी डोळे मिटून गणपतीची आरती धरली. अर्णव टाळ्या वाजवायला लागला. पलीकडच्या रांगेतल्या दोन बायकांनी साथ दिली. मागून कुणीतरी अगदी घरच्यासारखं लांबवून "जय देव जय देव" केलं.

आरती संपली. अर्णव मांडीवरून उतरला आणि रांगेतल्या प्रत्येकासमोर उजवा हात पसरून उभा राहिला. आरती झाली म्हणजे प्रसाद मिळणारच. लोकांनी बॅगा उघडल्या. काका सांगतात, त्या विमानात इतके काजू असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

*

निघायच्या दिवशी कुंदाने माझ्या पर्समध्ये मीठ-मोहरीची पुडी कोंबली. काकांनी सल्ला दिला, केळं शेवटपर्यंत राखून ठेव. फिलोमिना म्हणाली, "काय होत नाय गं. पोरगी आपल्या आईकडेच चाललीय ना?"

घरातून निघताना ह्यांनी सईच्या तळहातावर दही ठेवलं. तिने ते चाटून पुन्हा हात पुढे केला, ह्यांनी पुन्हा ठेवलं. मग मला विचारलं, "तुझ्या बीपीच्या गोळ्या घेतल्यास ना?" लिफ्टपाशी आल्यावर पुन्हा तेच. टॅक्सीत बसल्यावर खिडकीतून पुन्हा तेच. गोळ्यांविषयी त्यांना काही विचारायचं नव्हतं हे मला कळत होतं. मी म्हटलं, "घेतल्यात हो."

आठवडाभर आम्ही सईला सांगत होतो, विमानाने भुर्र जायचं. विमान उडालं, मी तिला खिडकीशी धरलं. "बघ सई, भुर्र!"

सईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तिला फसवल्यासारखंच वाटलं. तिला माहीत असलेलं भुर्र म्हणजे शेजारच्या दादाच्या स्कूटरवर पुढे उभं राहून सोसायटीला चक्कर. केस उडतात, डोळ्यांत पाणी येतं. इथे सगळे पट्टे बांधून गप्प बसलेले. "वारा नाई," ती म्हणाली. मग खिडकीवर थापा मारायला लागली. "उघड!"

आता ही खिडकी कशी उघडू? ओठ बाहेर आला, सूर लागला. मीठ, आरती, केळं, सगळं डोक्यात एकदम गोळा झालं. शेजारी एक मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला. त्याने हात वर केला आणि डोक्यावरची हवेची गोल खुंटी फिरवली. गार झोत थेट सईच्या तोंडावर. केस उडाले. सईने डोळे बारीक केले, त्याच्या लॅपटॉपच्या झाकणाची कड दोन्ही हातांनी हँडलसारखी धरली आणि म्हणाली, "भुर्र!"

बंगळुरू येईपर्यंत तिने सोडली नाही. मी माफी मागितली तर तो म्हणाला, "राहू दे आजी. बॉसला सांगेन, गाडी दुसरंच कोणीतरी चालवत होतं."

*

बाहेर आलो तर समोर अनुजा. जावई गाडी आणायला पार्किंगमध्ये गेलेला. अनुजा धावत आली आणि तिने हात पुढे केले. सईने माझ्या मानेला मिठी मारली आणि तोंड खांद्यात लपवलं.

"सई, मी आहे ना, मम्मा."

सई आणखी घट्ट झाली. अनुजाचे हात तसेच हवेत राहिले. ज्याला घाबरत होते तेच झालं होतं.

"भूक लागलीय तिला," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

आम्ही तिथल्याच एका बाकावर बसलो. मी दहीभाताचा डबा उघडला. अनुजाने हात पुसले, घास केला आणि म्हणाली, "हा घास चिऊचा."

सईने झटकन मान वर केली. आवाज ओळखीचा होता. तिने अनुजाकडे पाहिलं नाही, माझ्या पर्सकडे पाहिलं. चेन ओढली, फोन बाहेर काढला, बाकावरच्या पाण्याच्या बाटलीला नीट टेकवून उभा केला आणि काळ्या स्क्रीनसमोर आ करून बसली.

अनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठली आणि समोरच्या खांबाआड गेली. माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर अनुजा, मागे तो खांब.

"हा घास चिऊचा."

मी भरवला. सईने मन लावून खाल्ला.

"हा घास काऊचा."

ट्रॉल्या ढकलणारे लोक वळून बघत होते. इकडे बाकावर एक म्हातारी फोनसमोर पोरीला भरवतेय, तिकडे खांबाआड एक बाई हुंदके आवरत चिऊकाऊला जेवायला बोलावतेय. दारावरचा गार्डसुद्धा बघायला लागला.

पुढचा घास मी केला, पण हात उचलला नाही. अनुजा खांबाआडून बाहेर आली होती. फोन तोंडासमोर धरून, बोलत बोलत, एकेक पाऊल जवळ येत होती. "हा घास मनीचा... हा घास हम्माचा..." आवाज आता दोन्हीकडून येत होता. ती आली आणि बाटलीच्या शेजारी बाकावर बसली.

सईने फोनकडे पाहिलं. अनुजाकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. फोनमधल्या नाकावर बोट ठेवलं, मग तेच बोट अनुजाच्या नाकावर ठेवलं आणि जरा दाबून बघितलं.

मग तिने फोन उचलला, बाकावर पालथा घातला, अनुजाकडे तोंड केलं आणि आ केला.

माझ्या हातात केलेला घास होता, तो मी खाल्ला.