आण्णांचं फाटक

मी लातूर सोडलं, पण लातूर मला सोडेना. नांदेडची एसटी स्टँडातून निघाली आणि लगेच रेल्वे फाटकाशी अडकली. छोट्या रुळांची ती गाडी इतकी सावकाश, की इंजिन दिसताना ज्याचं लग्न ठरलं, तो शेवटचा डबा जाईपर्यंत पोरगं कडेवर घेऊन उभा राही. फाटकालाच आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चहाचा गाडा. घरी घेतलेला निरोप इथं पुन्हा घ्यावा लागला. माय खिडकीखाली नव्यानं रडली.

लातूर जिल्हा नवा कोरा झाला होता, पाणी मात्र कुठंच नव्हतं. दुष्काळ असा, की नळातून उंदीर डोकावून आम्हालाच विचारायचा, "आलं का?" मी निघालो होतो नांदेडजवळ विष्णुपुरीला, धरणाच्या कामावर. आण्णा म्हणाले, "जा, पाणी अडवाया शिक. माणसं अडवायचं काम हितं फाटक करून राह्यलंय."

नांदेडात गोदावरी पाहिली आणि पहिला आठवडा मी नुसती आंघोळ केली. पुढं संसार तिथंच झाला. बोलण्यात तिथलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ शिरलं.

बऱ्याच वर्षांनी मायचा फोन आला. स्टेशन गावाबाहेर जाणार, रूळ निघणार. त्या जागी रुंद रस्ता, शहर बस, कडेला दुकानं, वर घरं. रुळांनी गावाची दोन शकलं केली होती. पलीकडं पोरगी दिली तर लोक ‘परदेशी दिली’ म्हणायचे. त्यामुळं गाव खूश, माय तेवढी चिंतेत. "आरं, फाटक न्हाई तर थांबंल कोण? अन् थांबलं न्हाई तर चहा पील कोण?"

"नांदेडला या," मी आण्णांना म्हटलं.

"हाव, येतो की. गिऱ्हाईक आटलं, की त्याच दिशी येतो."

फाटक गेल्यावर मी त्यांना न्यायलाच लातूरला गेलो. पाहतो तर काय, रस्ता सताड मोकळा, आणि सारं गाव जुन्या जागी थांबलेलं! सायकलवाला पाय टेकतो, रिक्षा ब्रेक मारते, म्हैससुद्धा डावीकडं-उजवीकडं बघते. गाडी येत नाही हे ध्यानात आलं, की जो तो हसतो आणि म्हणतो, "थांबलोच हाव तर द्या एक कप." बस थांब्यासाठी जागा बघत साहेब आले, तर त्यांचा स्थानिक ड्रायव्हरही तिथंच थांबला! चहा पिताना साहेब म्हणाले, "थांबा गावानंच ठरवलाय." काही दिवसांत खांब तिथंच रोवला गेला. आण्णांचा गाडा त्याच्या मागं, सावलीत.

आता पलीकडची बायामाणसं संध्याकाळी पायीपायी गोलाईच्या बाजारपेठेत येतात. लातूरहून परतताना मीही त्याच थांब्यावरून स्टँडाची बस धरतो. म्हणजे, धरायची असते. बस येते, दार उघडतं, आणि आण्णा कप पुढं करतात. "जाऊ दे रं ती. मागून दुसरी येतीया."

मी जाऊ देतो. दुसरीही जाऊ देतो. आता वाटेत फाटक नाही, तरी आपलं लातूर सोडायला मला तेवढाच उशीर होतो.