सावंतांच्या लायनरला आलेले फोड

तिसऱ्या बॅचलाही फोड आले. सावंतांनी लायनर टेबलावर आपटला. "मॅडम, वाट लागली! उद्या रिक्षा कंपनीचा माणूस सँपल न्यायला येतोय. फेल झालं की ऑर्डर गेली, शेडला टाळं!"

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली ती शेड सावंतांची. मी सरकारी प्रयोगशाळेतली केमिस्ट. रिक्षाच्या ब्रेक लायनरचा फॉर्म्युला आमचा. लायनर म्हणजे चाकाच्या ड्रमला घासून गाडी थांबवणारा पट्टा. आमचा नियम असा, की फॉर्म्युला मागेल त्या कंपनीला द्यायचा आणि माल नीट निघेपर्यंत आपला माणूस तिथे उभा ठेवायचा. म्हणून मी उभी होते.

माल साच्यात दाबून भाजणाऱ्या प्रेसचं तापमान तपासलं. दाब तपासला. सगळं बरोबर. लॅबमध्ये झकास निघालेला माल इथेच का फुगतो? त्यात लॅबच्या साहेबांचा फोन. "फॉर्म्युला खोटा ठरला तर पुन्हा एकही कारखानदार आपल्या दारात येणार नाही."

सावंतांनी चहा पुढे केला. त्यांच्या बोटांवर काळे चट्टे, साल निघालेली. मी वेंगुर्ल्याची. काजूबिया फोडणाऱ्यांचे असे हात लहानपणी घरोघरी बघितलेत.

"सावंतानू, ह्यां काजीचां त्याल ना? मालात घातलात?"

ते खाली बघत म्हणाले, "ब्रेक जास्त पकडतो त्याने. माझी आयडिया आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही लिहून घेणार, नि उद्या बाजूच्या शेडवाल्याला देणार! खावन टाकतले माका!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, डॉक्टरपासून पोटदुखी लपवता होय? फॉर्म्युला सगळ्यांचा. तुमचं तेल तुमचं. मी कशाला कुणाला सांगू?"

काजूच्या टरफलाचं कच्चं तेल तापलं की गॅस सोडतं. बंद साच्यात तो जाणार कुठे? फोडच येणार. तेल आधी उघड्या पिंपात फेस बसेपर्यंत तापवलं, गार केलं, मग मिसळलं.

सावंतांनी साचा उघडला. लायनर गुळगुळीत निघाला! सावंतांनी तो उजेडात धरून उलटसुलट बघितला. सँपल पास झालं.

काही दिवसांनी ते लॅबमध्ये आले, सोबत बाजूचा शेडवाला. मला वाटलं, आता भांडण.

"यालाही फॉर्म्युला द्या," सावंत म्हणाले. "तेल मीच पुरवणार, तापवून. याला, नि पुढे येईल त्यालाही."

गुपित पोटात ठेवल्याने शेड बुडत होती. आता सावंत पिंपं भरून तेल विकायला निघाले होते. ते तापवायचं कसं, हे मात्र त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं. मीही नाही.